मातीची सत्तावीस डोकी

१

मातीताई येणार म्हणून मी आठवडाभर हवेत होते. शाळेत मातीकाम व्हावं यासाठी दोन वर्षं मोठ्या बाईंच्या मागे लागले होते आणि दोन वर्षं त्या मला फरशी, नळ आणि गणवेश ही तीन कारणं आलटून पालटून देत होत्या. शेवटी एकदा म्हणाल्या, "आणि भिंतींना माती लागली तर?"

"मी पुसेन."

"तुम्ही पुसाल याची खात्री आहे, म्हणून तर हो म्हणतेय."

त्यांचं खरं होतं. माझी ही खोड आधीच सांगून ठेवते. मला वाकडं बघवत नाही. फळ्यावरची तारीख तिरकी असेल तर मी पुसून पुन्हा लिहिते. मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन असलं की आदल्या दिवशी दार लावून बसते आणि झाडाचं खोड सरळ करते, घराला खिडकी देते, रंग रेषेबाहेर गेला असेल तर आत घेते. तिसरीचं प्रदर्शन सगळ्या शाळेत देखणं असतं ते काही उगाच नाही. पालक खूश होतात, मुलंही खूश होतात, कारण आठ वर्षांच्या मुलाला आपण काय काढलं होतं हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

वर्गात माझा एक नियम आहे. काम झालं की बाकावर दोनदा टकटक करायची आणि जागेवर बसून राहायचं. मी "बघते हं" म्हणते, जाते आणि काय चुकलंय ते नीट करून देते. त्याआधी कोणी उठायचं नाही.

वर्गात सत्तावीस मुलं आहेत आणि त्यातली एक माझी. तिसरीची एकच तुकडी असल्यामुळे इलाज नव्हता. घरी तिला आम्ही खारू म्हणतो, कारण ती लहानपणापासून खाताना दोन्ही हातांनी धरून खाते. शाळेत मी तिची बाई आणि घरी आई. ती कधी चुकत नाही, मीच चुकून वर्गात "खारू, दूध संपवलंस का?" विचारते आणि सव्वीस मुलांची करमणूक होते.

२

मातीताई म्हणजे साठीची, बुटकी, केस अगदी बारीक कापलेली बाई. नखं इतकी खोलवर कापलेली की बोटं बोथट दिसायची. टेंपोतून तिने मातीच्या करड्या पिशव्या उतरवल्या, पदर खोचावा तसा ॲप्रन खोचला आणि मुलांशी बोलायच्या आधी माझ्याकडे वळली.

"बाई, तुम्ही हात पाठीमागे ठेवायचे."

"म्हणजे?"

"म्हणजे पाठीमागे. दोन्ही. माझं काम संपेपर्यंत."

मी हसले. ती हसली नाही, तेव्हा मी हात पाठीमागे घेतले.

मग तिने मुलांना काम सांगितलं आणि मला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली, इतकं ते सुंदर होतं. प्रत्येकाने स्वतःचं डोकं करायचं. डोळे मिटून. डावा हात स्वतःच्या चेहऱ्यावर, उजवा मातीवर. डाव्या हाताला जे लागेल तेच उजव्याने करायचं.

"डोळे का मिटायचे?" आमच्या प्रश्नचिन्हाने विचारलं. हा मुलगा झोपेतही प्रश्न विचारत असणार.

"उघडे ठेवलेस तर शेजारच्याचं बघून करशील."

"आणि नाकात बोट गेलं तर?"

"स्वतःच्या गेलं तर चालेल."

वर्ग जो हसत सुटला तो पाच मिनिटं थांबेना. मग हळूहळू सगळे डोळे मिटले आणि खोलीत वेगळीच शांतता आली. शांतता म्हणजे आवाज होतेच. मन लावून काम करणारं प्रत्येक मूल आपापला आवाज काढतं. प्रश्नचिन्ह नाक ओढत होता. खिडकीजवळची एक मुलगी जीभ टाळ्याला लावून टक्क टक्क करत होती. आणि माझी खारू गुणगुणत होती. तिला सूर अजिबात नाही. एकच ओळ ती चढवत नेते आणि वर गेल्यावर घसरते, मग पुन्हा सुरुवातीपासून. घरी मी तिला दहा वेळा गप्प करते. त्या दिवशी मला ते ऐकून इतकं भरून आलं की डोळे पुसायला मी हात पुढे आणला आणि मातीताईने नुसतं बघितलं. मी हात मागे नेला.

दोन दिवस हे चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली टकटक झाली, मग दुसरी, मग सगळीकडून पाऊस पडल्यासारखी. मी सवयीने "बघते हं" म्हणाले आणि पाठीमागे हात बांधून रांगांतून फिरले.

काय सांगू, डोकी भयंकर होती. एक कान गालावर, एक मानेवर. नाकं बटाट्याची. एकाला कपाळच नव्हतं. माझी बोटं पाठीमागे एकमेकांना चिमटे काढत होती.

३

तिसऱ्या दिवशी डोकी आतून पोकळ करायची होती. भरीव माती भट्टीत फुटते म्हणे. मुलांनी चमचे घेऊन खालच्या बाजूने माती कोरून काढली, आतून बोटं फिरवून भिंत सारखी केली, आणि मानेखाली काडीने आपापला हजेरी क्रमांक लिहिला. खारूचा हात मनगटापर्यंत तिच्याच डोक्यात गेलेला बघून मला मजा वाटली.

"आतून गुदगुल्या होतात, बाई," ती म्हणाली.

"कोणाला?"

"मला."

जाण्याआधी मातीताईने एक बादली दाखवली. अर्धी पाण्याने भरलेली, तळाशी गाळ. "एखादं बिघडलं तर यात टाकायचं. रात्रभरात विरघळून पुन्हा साधी माती होते. जणू काही झालंच नव्हतं. भट्टीत जाईपर्यंत ही सोय आहे. भाजल्यावर नाही. भाजलेलं बदलत नाही, फक्त फुटतं."

मुलांना हे फार आवडलं. प्रश्नचिन्हाला तर लगेच काहीतरी विरघळवून बघायचं होतं.

मग ती मला दाराबाहेर घेऊन गेली. येता सोमवार सोडून पुढल्या सोमवारी येऊन डोकी नेणार, तिच्या भट्टीत भाजणार, त्या शुक्रवारी प्रदर्शनाला परत आणणार. तोवर ओल्या फडक्याखाली ठेवा, हळूहळू वाळू द्या. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं.

"आणि एक. ज्याच्या डोक्याला त्याचाच हात. दुसऱ्याचा लागू द्यायचा नाही."

"का बरं?"

ती "माझी पद्धत आहे," म्हणाली आणि टेंपोत बसली.

४

शनिवारी शाळा साडेअकराला सुटते. खारू शेजारणीच्या मुलीबरोबर घरी गेली. मी कोपऱ्यातल्या नळावर वाटी भरून घेतली, दार लावलं आणि फडकी उचलली.

तुम्ही मला नावं ठेवाल, खुशाल ठेवा. पण विचार करा, प्रदर्शनाला सत्तावीस घरचे लोक येणार होते. एखाद्या आईने आपल्या लेकीचा कान मानेवर बघायचा? मी फार काही करणार नव्हते. कान जागेवर आणायचे, नाकाला जरा उंची द्यायची, ओठांची कडा ओढायची, एवढंच. माती अजून लोण्यासारखी होती.

पहिली दोन-तीन डोकी डोळे उघडे ठेवून केली आणि बिघडली. मग मातीताईची पद्धत आठवली. डोळे मिटले, डावा हात चेहऱ्यावर ठेवला, उजवा मातीवर, आणि काय आश्चर्य, हात पाण्यासारखा चालायला लागला. कान कुठे सुरू होतो ते डाव्या हाताला लागत होतं, उजवा ते तसंच करत होता. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. घड्याळाकडे लक्षच गेलं नाही. बिघडलेली पुन्हा केली, मग एक झालं की दुसरं, त्याला फडकं, की तिसरं.

खारूचं शेवटी ठेवलं होतं. बाईंच्याच मुलीचं डोकं वाकडं, असं कोणी म्हणायला नको म्हणून ते सगळ्यांत निगुतीने केलं. उजव्या गालात अंगठा दाबल्यासारखा खड्डा लागला. मातीची लहानशी गोळी लावून बुजवला, ओल्या बोटाने सपाट केला. सत्ताविसावं होतं, हात आपोआप चालत होता.

५

रविवारी सकाळी मी मोज्याला बोलायला लावलं.

हे आमचं रोजचं. खारू उठली की मी मोजा हातात घालते आणि मोजा तिला सुनावतो, की काल मला पलंगाखाली टाकलंस, माझा जोडीदार कुठे आहे, मी तुझ्यावर रागावलोय. दोन वर्षं हाच विनोद आहे आणि दोन वर्षं ती याला हसते. मी तो कशासाठी करते हे तिला ठाऊक नाही. ती हसली की तिच्या उजव्या गालाला खळी पडते. एकाच गालाला. ती तिच्या बाबाची. त्याचा चष्मा, घड्याळ, गाडीची किल्ली सगळं मी कपाटात ठेवलंय, पण ते नुसतं सामान. तो गेल्यापासून त्याची हलणारी, जिवंत अशी एकच गोष्ट घरात होती आणि ती मी रोज सकाळी मोज्याने बाहेर काढायची.

मोजा रागावला. खारू हसली. गाल सपाट राहिला.

मी मोज्याला पुन्हा बोलायला लावलं. ती पुन्हा हसली, छान हसली, दोन्ही बाजूंनी सारखी.

"गालाला काय झालं?"

"काय झालं?"

"तुझी खळी."

"कुठली खळी?" ती म्हणाली आणि मोजा माझ्या हातातून काढून पायात घालू लागली.

मी स्वतःला समजावलं. दुधाचे दात पडतात, नवे येतात, जबडा रुंदावतो, चेहरा भरतो. मी तिसरीला शिकवते, जूनमध्ये आलेलं मूल मार्चमध्ये ओळखू येत नाही हे मला कोणी सांगायला नको. खळी बुजत असेल. वयाबरोबर बुजतात म्हणे. तरी दिवसभर मी तिला सतरा कारणांनी हसवलं. संध्याकाळी ती वैतागून म्हणाली, "आई, आता पुरे."

६

सोमवारी हजेरी घेताना वर्ग फार छान दिसत होता. मला आधी कळलंच नाही की छान का दिसतोय. मुलं बसली होती नेहमीसारखीच, पण डोळ्यांना बरं वाटत होतं, भिंतीवरची तसबीर सरळ केल्यावर वाटतं तसं. मी लेखनाला दिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. खोलीत पेन्सिली सोडून कसलाही आवाज नव्हता. नाक ओढणं नाही, जिभेची टक्क टक्क नाही. तिसऱ्या रांगेत माझी खारू ओठ मिटून लिहीत होती.

मला तर आनंद झाला होता. मोठ्या बाई दारातून डोकावल्या, वर्ग बघून भुवया उंचावल्या आणि कौतुकाने मान हलवून गेल्या. मी फुगले.

मग प्रश्नचिन्हाने पाणी प्यायला मान वळवली. त्याचा डावा कान बाहेर आलेला असतो, दप्तराच्या पट्ट्यासारखा. वर्षभर मुलं त्याला त्यावरून चिडवतात. तो कान आत होता. दुसऱ्यासारखाच, डोक्याला नीट चिकटून.

मी रांगांतून फिरले. एकेक कान पाहिला.

कपाटाशी गेले. फडक्यांखाली माझी देखणी डोकी होती. क्रमांक बघून मी प्रश्नचिन्हाचं शोधलं, वर उचललं आणि त्याच्या पाठीमागे उभी राहून दोन्ही एकदम पाहिली. मग क्रमांक अकरा. मग क्रमांक चार. मुलांना वाटलं बाई काहीतरी गंमत करताहेत. सगळी माना वर करून हसली, आणि सगळ्यांचे ओठ एकाच ठिकाणी दुमडले.

माझं डोकं फिरलं असेल, हे मी धरून चालले. एका विधवा बाईला खळी दिसेनाशी होते आणि मग जगाचे कान दिसू लागतात, यात नवल काही नाही. पण क्रमांक नऊ, खारूचं, मी हातात घेतलं तेव्हा उजव्या गालावर माझी ती गोळी होती. नखाने उकरली. गोळी सुटेना, ती गालाशी एकजीव झाली होती. तिसऱ्या रांगेत खारूने उजवा गाल खाजवला.

७

आता माझी घाई सुरू झाली. माती वाळत चालली होती. मी मातीताईला फोन लावला आणि शहाजोगपणे विचारलं, एखाद्या मुलाला आपल्या डोक्यात थोडा बदल करायचा असेल तर?

"त्यानेच करायचा. आज-उद्यात. गुरुवारनंतर माती दाबली की तडा जाईल."

"आणि त्याला जमलं नाही तर?"

"तर बादली."

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी खारूला थांबवलं. गालावर ओलं फडकं धरून माती मऊ केली, डोकं तिच्यापुढे ठेवलं. उत्साहाने सांगितलं, "डोळे मिट. डावा हात गालावर ठेव. तिथे एक खड्डा आहे, तो इथे कर."

तिने डोळे मिटले. बराच वेळ गाल चाचपला. मन लावून चाचपला, कारण तिला बाईंना खूश करायचं होतं.

"इथे काही नाहीये, बाई."

"नीट बघ."

"सपाटच आहे." तिने डोळे उघडले. "जे लागेल तेच करायचं ना? ताई म्हणाल्या होत्या."

माझं तोंड पडलेलं तिला दिसलं असावं. मी वाटीतलं पाणी ओतायला नळाकडे वळले आणि परत फिरले तर ती बादलीजवळ होती. दोन्ही हातांत तिचं डोकं, खाताना धरते तसं.

"मी नवीन करते, बाई. हे विरघळवू आणि अगदी पहिल्यापासून करू. मज्जा येईल."

मानेची कड पाण्याला टेकली होती. मी कशी धावले, किती बाक पाडले, आठवत नाही. डोकं हिसकावून छातीशी धरलं. त्याच्या मानेवरून करडं पाणी माझ्या साडीवर गळत होतं. खारू दचकून रडायच्या बेतात आली होती.

घरी जाताना रस्ताभर ती शर्टाची कॉलर ओढत होती. "गळ्याशी ओलं लागतंय," म्हणत होती. मी हात लावून पाहिला. कोरडं होतं.

८

बुधवारी मी धीर गोळा करण्यात घालवला. गुरुवारी मधल्या सुट्टीत दार लावून घेतलं आणि क्रमांक नऊ पुढ्यात घेऊन बसले.

माती आता साबणाच्या वडीसारखी झाली होती. मी डोळे मिटले. डावा हात माझ्या गालाकडे गेला, तो मी खाली ओढला. माझ्या गालाला खळी नाही. मला दुसऱ्या गालाची आठवण हवी होती. त्याच्या. रविवारी दाढी करून तो यायचा आणि म्हणायचा, बघ, गुळगुळीत झालाय का. मी बोट फिरवायची आणि तो मुद्दाम हसायचा, की माझं बोट खळीत पडायचं. डावा हात मी हवेतच धरला, त्याच्या उंचीवर. थोडा वेळ काही नव्हतं. मग बोटांना गाल लागला. शपथेवर सांगते, लागला. थंड पाण्याने धुतलेला. मी उजवा अंगठा दाबला.

शुक्रवारी सकाळी मोजा बोलला आणि खारू हसली आणि तिच्या उजव्या गालाला खळी पडली.

मी तिला उचलून घरभर नाचले. आठ वर्षांची घोडी, पण उचलली. ती ओरडत होती, "आई, मोजा, माझा मोजा," आणि हसत होती आणि खळी पडतच होती. मला वाटलं, जिंकले. त्या भरात बाकीच्या सव्वीस मुलांचा विचार माझ्या मनात आला नाही, हे मी लपवत नाही. कान सरळ झाल्याने कोणाचं वाईट होतंय, असंही मी म्हणून टाकलं. सोमवारी मातीताई डोकी खोक्यांत भरून घेऊन गेली. फडकी काढायला मी तिला वेळच दिला नाही.

९

प्रदर्शन तुफान झालं. डोकी भाजून वीटकरी रंगाची झाली होती, बोटाने टिचकी मारली की ठण्ण वाजत होती. एकाही डोक्याला तडा नव्हता. पालकांची झुंबड. सगळेजण फोटो काढत होते. सगळी मुलं आपापल्या डोक्याशेजारी उभी होती, सरळ, शहाणी, हात बाजूला.

"बाई, कमाल केलीत," एक आई म्हणाली. "आणि हल्ली आमचा अगदी तुमच्यासारखा हसतो. तुमचाच नाद लागलाय त्याला."

"आमचीसुद्धा," दुसरी म्हणाली. "बोलताना हुबेहूब तुम्ही." सगळ्या हसल्या. मी पण हसले.

मातीताई भिंतीशी उभी होती. ती डोकी बघत नव्हती, मुलं बघत होती. मग माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "भट्टी उघडल्यावर दिसलं. आधी बघायला हवं होतं."

"काय?"

"सत्तावीस डोकी आहेत, पण हाताखाली चेहरा एकच होता." तिने माझ्याकडे बघितलं. कान, नाकाची उंची, ओठांची कडा. "तुम्ही डोळे मिटले होते ना?"

मी मान हलवली.

"आणि डावा हात?"

माझा डावा हात आपोआप माझ्या गालाकडे गेला. ती एवढंच म्हणाली, "आता भाजलंय, बाई." आणि पिशवी उचलून निघून गेली. मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी खारूकडे गेले. तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. नाक माझं होतं. कान माझे, ओठ माझे, हनुवटी माझी. ती हसली, तेव्हा गालात तो होता. मी होते आणि तो होता. आधी तिथे काय होतं, तिचं असं, माझं नाही आणि त्याचं नाही, ते मी आठवून पाहिलं. फोटोत ती असेलच. पण हाताला आठवेना.

"काय बघता, बाई?" तिने विचारलं. ती कधी चुकत नाही.

१०

सगळे गेल्यावर खारूला मी मैदानावर खेळायला पाठवलं आणि खोली आवरायला घेतली. टळटळीत दुपार होती. खिडकीतून ऊन डोक्यांवर पडलं होतं. उद्या ती घरोघर जाणार, कोणाच्या टीव्हीवर, कोणाच्या खिडकीत. टेबलं पुसली, फरशी पुसली, भिंतीवर एक करडा ठसा होता तोही पुसला.

तेव्हा ते ऐकू आलं. आधी वाटलं मैदानावरून येतंय. खिडकी लावली, तरी येत होतं. एकच ओळ, वर चढत गेलेली, वर जाऊन घसरलेली, पुन्हा सुरुवातीपासून. दोन आठवडे मी ती ऐकली नव्हती आणि ऐकली नव्हती हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

क्रमांक नऊ मी दोन्ही हातांनी उचललं आणि उलटं केलं. मानेच्या भोकातून आत पाहिलं. अंधारात फक्त तिच्या बोटांचे चर दिसत होते, बारीक, एकमेकांवर गेलेले. चमच्याने कोरून मग बोटांनी सारखे केलेले. आत मी हात घातला नव्हता. मी सुधारलं होतं ते सगळं बाहेरून.

मी कान लावला. उबदार होतं. गुणगुण अगदी जवळून येत होती, मन लावून चाललेली, काहीतरी करताना येते तशी.

खिडकीतून मैदान दिसत होतं. माझी मुलगी झोपाळ्यावर नीट बसली होती, ओठ मिटून, हात मांडीवर.

भाजलेलं बदलत नाही. फक्त फुटतं. डोकं माझ्या हातांत होतं आणि पायाखाली दगडी फरशी होती. मी ते छातीच्या उंचीवर किती वेळ धरून उभी होते, सांगता येणार नाही. फोडलं तर कोण बाहेर येईल आणि झोपाळ्यावर कोण उरेल, याचा मी शिकल्यासवरल्या माणसासारखा विचार करत होते. घामाने बोटं निसटू लागली, तेव्हा मी ते घाईने टेबलावर ठेवलं, क्रमांकाच्या जागी, जरा सरळ करून.

गुणगुण थांबली.

मग आतून दोनदा वाजलं. टक टक. हलकेच, आठ वर्षांच्या बोटांनी.

पाठोपाठ प्रश्नचिन्हाच्या डोक्यातून. मग खिडकीजवळून. मग सगळीकडून, सत्तावीस ठिकाणांहून, टक टक, टक टक. आणि मग शांतता, वाट बघणारी, कारण माझ्या वर्गात बाई येईपर्यंत कोणी उठत नाही.

"बघते हं," मी म्हणाले. आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.